खाऱ्या पाण्याची टाकी : शेवाळ काढण्याआधी त्याचं खाणं बंद करा



शेळीपालन, परसबाग, पापड-लोणची यांवर आपण या कार्यक्रमात बरेचदा बोललो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. आज आपण माशांच्या काचेच्या टाकीबद्दल बोलणार आहोत, तीही गोड्या पाण्याच्या नव्हे, समुद्राच्या खाऱ्या पाण्याच्या.

आपल्या किनाऱ्यावर निवास-न्याहारीच्या घरांत, हॉटेलांत अशा टाक्या आता दिसतात. मालक हौसेने बसवतात. वर्षभर छान चालतं. मग सांभाळणारा मुलगा नोकरीला मुंबईला जातो आणि टाकी तशीच राहते. काच हिरवी होते, खडकांवर केसांसारखं शेवाळ लोंबायला लागतं, कुठून तरी किडे येतात, मासे दिसेनासे होतात. शेवटी कुणीतरी म्हणतं, "ओता सगळं आणि धुऊन ठेवा."

अशा टाक्या पुन्हा उभ्या करून देणं हे गटाला जमण्यासारखं काम आहे. त्याला शिडी चढावी लागत नाही. चिकाटी, स्वच्छ हात आणि वहीत नोंद ठेवायची सवय लागते, आणि ती आपल्याकडे आहे. पण हे काम घाईने केलं तर उरलेले मासेही मरतात. म्हणून काय करायचं याच्याआधी असं का करायचं, ते समजून घेऊ.

आधी बघा, हात नंतर घाला

आमचा गट गोड्या पाण्यातले शोभेचे मासे वाढवतो. म्हणून शेजारच्या गावातल्या एका निवास-न्याहारीवाल्या भाऊंनी गणपतीनंतर आम्हाला निरोप पाठवला. दिवाळीच्या सुट्टीत पर्यटक येतील, त्याआधी दोन दिवसांत टाकी चकाचक करून द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. आम्ही टाकी पाहिली आणि सांगितलं, दोन दिवस नाही, तीन महिने लागतील.

टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे ९ घनफूट. एका घनफुटात साधारण २८ लिटर पाणी मावतं, म्हणजे टाकी सुमारे २५० लिटरची. आतले खडक आणि वाळू वजा केली तर पाणी धरायचं २०० लिटर. हा आकडा पहिल्याच दिवशी काढून ठेवायचा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर चालतो.

आत तीन मासे जिवंत होते. मुलं ज्याला 'निमो' म्हणतात ते नारिंगी-पांढरे दोन क्लाऊनफिश आणि एक निळा डॅमसेल. पाणी नेहमीच्या खुणेपासून जवळजवळ तीन इंच खाली गेलेलं. दुपारनंतर पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट काचेवर. गाळणीचा स्पंज चिखलाने भरलेला. आणि टाकीशेजारी माशांच्या खाण्याचा डबा उघडाच ठेवलेला. येईल तो पाहुणा चिमूटभर टाकून जायचा. लहान मुलं बिस्किटंही टाकत.

आमच्या गटातल्या एक काकी बराच वेळ टाकीकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "शेवाळ काढतालात, पण तेका खाऊक कोण घालता ता आधी बगा." आजच्या सगळ्या बोलण्याचं सार या एका वाक्यात आहे.

शेवाळ कुठून येतं?

मासा खातो आणि त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात सुटतो. न खाल्लेलं अन्न कुजतं, त्यातूनही अमोनियाच. हा माशांना विष आहे. पण खडकांवर, वाळूवर आणि गाळणीच्या स्पंजवर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू राहतात. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट मात्र मासे बऱ्यापैकी सोसतात.

आता हे नायट्रेट म्हणजे काय? आपण पिकाला युरिया देतो, त्यातला बराच नत्र नायट्रेट होऊन रोपाच्या मुळाला मिळतो. अन्नातून फॉस्फेटही येतं, म्हणजे स्फुरद. नत्र, स्फुरद आणि खिडकीतलं ऊन एकत्र आलं की टाकीचं शेत होतं, फक्त पीक शेवाळाचं येतं. गावच्या तळ्यात सांडपाणी सोडलं की तळं जलपर्णीने भरतं, तेही याच कारणाने. जलपर्णी काढली आणि सांडपाणी तसंच ठेवलं तर पुढच्या वर्षी तळं पुन्हा भरतं.

म्हणजे शेवाळ हा आजार नाही, ते लक्षण आहे. जेवढं अन्न आत जातं तेवढं बाहेर निघत नाही, हे शेवाळ आपल्याला दाखवत असतं. बचत गटाच्या वहीत जमा होतं आणि खर्च पडत नाही तेव्हा शिल्लक वाढते. टाकीतली वाढलेली शिल्लक म्हणजे शेवाळ.

एक गोष्ट इथे नीट ऐका. पाणी तपासायच्या किटमध्ये कधीकधी नायट्रेट शून्य दिसतं आणि टाकी मात्र शेवाळाने भरलेली असते. किट खोटं बोलत नाही. सगळं नायट्रेट शेवाळानेच खाऊन टाकलेलं असतं, ते पाण्यात न दिसता शेवाळाच्या अंगात बसलेलं असतं. म्हणून आकड्याबरोबर डोळ्यांनी दिसणारंही वहीत लिहायचं.

सगळं ओतून का धुवायचं नाही?

कारण ते जिवाणू. खडक नळाच्या पाण्याने घासले, स्पंज साबणाने धुतला, वाळू बदलली की काच चमकते, पण विष पचवणारी फौज संपते. मासे मात्र अमोनिया सोडतच राहतात. नवी फौज उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढ्यात चमकणाऱ्या टाकीत मासे मरतात आणि लोक म्हणतात, पाणी लागलं नाही.

दुसरं कारण वाळूत असतं. खूप दिवस न हललेल्या जाड वाळूच्या तळाशी हवा पोचत नाही. तिथे वाळू काळी पडते आणि कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो. तो विषारी वायू आहे. मासे आत असताना सगळी वाळू एकदम ढवळली तर एका दिवसात टाकी रिकामी होऊ शकते. म्हणून वाळूचा एका वेळी चौथा भागच साफ करायचा, तोही नळीने गाळ ओढून. ढवळायचं नाही.

आणि खडक उकळत्या पाण्यात तर कधीच टाकू नका. खाऱ्या पाण्याच्या खडकांवर बटणासारखे काही मऊ प्रवाळ वाढतात. त्यातल्या काहींत अतिशय जहाल विष असतं. असे खडक उकळल्यावर त्या वाफेने माणसं आजारी पडली आहेत.

पहिला आठवडा : वीज, खारटपणा, ऊन, खाणं

पहिल्या आठवड्यात आम्ही शेवाळाला हातही लावला नाही. चार गोष्टी केल्या.

पहिली, वीज. खाऱ्या पाण्यातून वीज फार सहज वाहते. टाकीवरचा दिवा, पंप, सगळी बटणं बंद करून, प्लग काढूनच हात आत घालायचा. प्लगची जागा टाकीपेक्षा वर असावी. नाहीतर वायर बोर्डाकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन न्यायची, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी बोर्डात न जाता खाली ठिबकतं. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यायचं. हे झाल्याशिवाय काम घेऊ नका.

दुसरी, खारटपणा. पाणी उडून जातं तेव्हा मीठ मागेच राहतं. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची घालायची. इथे बरेच जण फसतात, खारं पाणी कमी झालं म्हणून खारंच घालतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि हायड्रोमीटरवर आकडा १.०२५ च्या आसपास येतो. आमच्या टाकीत १.०३१ आला. २०० लिटरच्या टाकीला तो १.०२५ वर आणायला जवळपास ३९ लिटर गोडं पाणी लागतं. तीन इंच उतरलेली पातळीही तेवढ्याच पाण्याने भरते, म्हणजे हिशेब जुळला. पण ते एकदम ओतायचं नाही. रोज साडेसहा लिटर, हळूहळू, सहा दिवस. त्यात त्या दिवशी जेवढं पाणी उडालं असेल तेवढी भर वेगळी. रोज आकडा ०.००१ ने उतरला की मासे शांत राहतात.

तिसरी, ऊन आणि उष्णता. खिडकीला जाड पडदा लावला. टाकीवरचा दिवा दिवसभर चालू असायचा, तो सात तासांवर आणला. पाणी २५ ते २७ अंश असलेलं बरं. आपल्याकडे मे महिन्यात बंद खोलीत ते ३० च्या वर जातं. पाण्याच्या पृष्ठभागावरून छोटा पंखा वाहता ठेवला तर दोन-तीन अंश उतरतात. मात्र पाणी जास्त उडतं, त्यामुळे गोड्या पाण्याची भरही वाढवावी लागते.

चौथी आणि सगळ्यात मोठी, खाणं. डबा कपाटात ठेवून किल्ली एकाच माणसाकडे दिली. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत मासे संपवतील एवढंच द्यायचं. ताजी कोळंबी बारीक चिरून, गाळणीत धुऊन, तिचं पाणी टाकून द्यायचं, कारण त्या पाण्यातही स्फुरद असतं. टाकीजवळ पाटी लावली : 'माशांना खाऊ देऊ नये. टाकीवर उपचार चालू आहेत.' दिवाळीत पर्यटक आले तेव्हा टाकी अर्धीच सुधारली होती. पण पाटी वाचून मुलं आठवड्याआठवड्याची वही मागून बघत होती.

पाणी कुठलं, मीठ कुठलं?

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते जिवाणूंना मारतं. शेताजवळच्या विहिरीत खतांचं नायट्रेट झिरपलेलं असू शकतं, म्हणजे आपणच शेवाळाला खत घालतो. म्हणून आरओचं पाणी वापरा. गावच्या आरओ केंद्राचं पाणी चालतं का, हे टीडीएस मीटरने बघा. आकडा शून्याच्या जितका जवळ तितकं चांगलं.

स्वयंपाकघरातलं मीठ घालू नका. ते जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्रात त्याशिवाय मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट असं बरंच काही असतं. टाक्यांसाठी तयार समुद्री मीठ मिळतं, तेच घ्यायचं. १०० लिटरला साधारण साडेतीन किलो पडतं. बादलीत पंप सोडून एक दिवस ढवळू द्यायचं, आकडा आणि तापमान टाकीशी जुळवायचं, मगच घालायचं.

"समुद्र तर दारात आहे, मग मीठ विकत कशाला?" असं तुम्ही विचाराल. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही दिवस किनाऱ्याच्या पाण्यात नद्यांचं गोडं पाणी आणि गाळ मिसळलेला असतो. तेव्हा ते उपयोगाचं नाही. हिवाळ्यापासून मेपर्यंत चालतं, पण खाडीच्या तोंडाचं नको, होड्या लागतात त्या धक्क्याजवळचं नको, मासळी धुतात तिथलं तर नकोच. भरतीच्या वेळी, खुल्या किनाऱ्यावरून घ्यायचं, दाट कापडातून गाळायचं, झाकणाच्या पिंपात अंधारात काही दिवस ठेवायचं आणि आकडा बघूनच वापरायचं.

आता शेवाळ काढा

दुसऱ्या आठवड्यापासून हात घातला. पद्धत अशी.

टाकीसाठी दोन बादल्या, एक मऊ टूथब्रश, एक नळी वेगळी ठेवा. त्यांना कधीच साबण लागता कामा नये. लोंबणारं शेवाळ बोटांनी चिमटीत धरून मुळाशी ओढून काढायचं आणि लगेच बादलीत टाकायचं. टूथब्रशने घासताना नळीचं तोंड शेजारीच धरायचं, म्हणजे सुटलेले तुकडे पाण्याबरोबर बाहेर जातात. नळीतून पाणी सुरू करायला तोंडाने ओढू नका. नळी पाण्याने भरून, टोकाला अंगठा धरून बादलीत सोडा.

एका दिवशी सगळं काढायचं नाही. टाकीचे चार भाग करायचे, आठवड्याला एक भाग. कारण तुटलेलं शेवाळ आत राहून कुजलं तर पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडमीट करताना दिसले तर हेच झालं असं समजा. हवेचा पंप त्या दिवसांत रात्रभर चालू ठेवा. वीज जाते तिथे बॅटरीवरचा छोटा हवेचा पंप हवाच. तोही नसेल तर मगाने पाणी उंचावरून टाकीत परत परत ओतत राहा.

खडकावरचा गुलाबी-जांभळा कडक थर मात्र खरवडू नका. तोही शेवाळाचाच प्रकार आहे, पण आपल्या बाजूचा. तो पसरला की वाईट शेवाळाला जागा उरत नाही. त्याचं येणं ही टाकी सुधारल्याची खूण.

दर आठवड्याला पाचवा भाग पाणी बदलायचं. २०० लिटरला ४० लिटर, त्याला मीठ १ किलो ४०० ग्रॅम. आमच्या टाकीत नायट्रेट ८० होतं. पाचवा भाग बदलला की ६४, मग ५१, ४१, ३३, २६ आणि सहाव्या वेळी २१. हा कागदावरचा हिशेब. मासे रोज खातात, त्यामुळे प्रत्यक्षात आम्हाला आठ आठवडे लागले. एकाच दिवशी सगळं पाणी बदलून ८० चा शून्य केला असता तर तो धक्का माशांना सोसला नसता.

स्पंज धुवायचा तो काढलेल्या खाऱ्या पाण्यातच, आणि एका वेळी अर्धा. पंपावर पांढरा थर बसला असेल तर तो वेगळा काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवा, मग गोड्या पाण्याने स्वच्छ धुवा. परवडत असेल तर फेस काढणारं यंत्र घ्या, दुकानदार त्याला स्किमर म्हणतात. डाळ शिजताना जसा मळ फेसाबरोबर वर येतो आणि आपण तो पळीने काढतो, तसंच हे काम करतं. कुजण्याआधीच घाण बाहेर.

शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई मिळतात. त्या उपयोगी आहेत, पण शेवटी आणायच्या, आकडे जागेवर आल्यावर. खराब पाण्यात आणल्या तर मरतात, आणि मेलेली गोगलगाय पुन्हा शेवाळाचंच खाणं होते.

उपद्रवी जीव ओळखा

शेवाळाआड बरेच जीव लपलेले असतात. सगळे शत्रू नसतात, म्हणून आधी ओळख.

लालसर-जांभळा पापुद्रा : वाळूवर साय धरल्यासारखा पसरतो, नळीने ओढला की तुकड्यातुकड्याने निघतो. हे शेवाळ नाही, जिवाणू आहेत. जिथे पाणी हलत नाही तिथे हा येतो. ओढून काढा, पंपाचं तोंड त्या बाजूला वळवा. हटत नसेल तर तीन दिवस दिवा बंद ठेवून टाकी कापडाने झाका, हवा मात्र चालू हवी.

हिरवे फुगे : मण्यांसारखे चमकदार. टाकीत फोडू नका. अख्खे उचलून बाहेर काढा.

एप्टेशिया : तपकिरी, काचेसारखं दिसणारं छोटं समुद्रफूल. दिसायला गोड, पण शेजारच्या जिवांना डंख करतं. ते चाकूने कापाल तर बुडाशी राहिलेल्या कणातूनही नवं येतं, एकाचे चार होतात. यावर आपल्या ओळखीचा उपाय म्हणजे चुना. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडची, म्हणजे चुन्याचीच, घट्ट पेस्ट करायची. पंप बंद करून, सुई नसलेल्या सिरिंजने त्याच्या तोंडावर हळूच घालून ते पूर्ण झाकायचं. पंधरा मिनिटांनी पंप सुरू. चुन्याने पाण्याचा आम्ल-विम्ल तोल बदलतो, म्हणून एका दिवशी तीन-चारच घ्यायचे. चुना डोळ्यांत गेला तर मोठी इजा होते. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय हे करू नका. छोट्या खडकावर पुष्कळ असतील तर तो खडकच बाहेर काढलेला बरा.

काटेरी किडे : गोमेसारखे, अंगावर बारीक पांढरे केस. उघड्या हाताला लागले तर केस रुततात आणि आग होते. पण लहान असतात तोवर ते उरलेलं अन्न खाऊन सफाईच करतात. फार दिसायला लागले तर किड्यांवर नाही, खाण्यावर लक्ष द्या. कमी करायचे असतील तर रात्री बारीक नळीच्या तुकड्यात कोळंबीचा कण ठेवा आणि सकाळी नळी उचला.

चपटे लालसर किडे : काचेवर ठिपक्यांसारखे. हे मरताना विष सोडतात, म्हणून औषध घालून एकदम मारू नका. रोज नळीने ओढून संख्या उतरवा.

काचेवर इकडेतिकडे पळणारे पांढरे बारीक कण आणि खडकावरची छोटी पांढरी चकली, यांना राहू द्या. त्यांचा काही त्रास नाही.

मोरचूद नकोच

"मोरचूद घातलं की शेवाळ जातं," असं कुणी सांगेल. मोरचूद म्हणजे तांबं. शेवाळाबरोबर गोगलगाई, कोळंबी, समुद्रफुलं सगळी मरतात. शिवाय तांबं खडकांत मुरतं आणि पुढे कित्येक महिने झिरपत राहतं. आपण सुपारीवर बोर्डो मिश्रण फवारतो, त्यातही मोरचूदच असतं. फवारणी केलेल्या हाताने, त्या बादलीने टाकीचं काम करू नका.

हाताला चीर किंवा जखम असेल तर हातमोजे घाला. खाऱ्या पाण्यातले काही जिवाणू जखमेतून शिरतात आणि ती लवकर भरत नाही. काम झाल्यावर हात साबणाने धुवा, टाकीपासून लांब.

समुद्रातून आणू नका, समुद्रात सोडू नका

टाकी सुंदर दिसावी म्हणून मालक म्हणतात, "खडकावरचं पोवळं आणून द्या." नाही म्हणा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार कठीण प्रवाळ, समुद्रघोडे यांना संरक्षण आहे. ते गोळा करणं, विकणं गुन्हा आहे. मालवणचा समुद्र तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. मासेही पकडून आणलेले नकोत, टाकीत जन्मलेले घ्या. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाऊनफिशची पैदास टाकीत करून दाखवली आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर तर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या मदतीने तिथल्या महिला शोभेची समुद्री कोळंबी वाढवतात. म्हणजे या कामात बायका पुढे आहेत आणि समुद्र न ओरबाडता ते होतं.

उलट बाजूही तेवढीच महत्त्वाची. काढलेलं शेवाळ, नको असलेला मासा, टाकीचं पाणी खाडीत किंवा समुद्रात सोडू नका. कौलर्पा नावाचं टाकीतलं एक शेवाळ १९८४ मध्ये मोनॅकोजवळ भूमध्य समुद्रात आढळलं आणि तिथून हजारो एकर तळावर पसरलं. तेच २००० मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सापडलं. ते पूर्ण गेलं असं जाहीर करायला २००६ उजाडलं. कुणीतरी ओतलेली एक बादली एवढी महाग पडू शकते. काढलेलं शेवाळ उन्हात कडकडीत वाळवा आणि खड्ड्यात पुरा. खारं पाणी झाडांना घालू नका, विहिरीजवळ ओतू नका.

काम घेताना

काम तोंडी घेऊ नका, लिहून घ्या. त्यात चार गोष्टी असाव्यात. काम किती आठवड्यांचं आहे. मीठ, किट आणि आरओच्या पाण्याचा खर्च कोणाचा. माशांना खाणं कोण देणार. आणि सुरुवातीलाच अशक्त असलेला मासा मेला तर जबाबदारी कोणाची. सुरुवातीचे फोटो काढून ठेवा. मजुरी सांगताना येण्याजाण्याचे तास धरा. ४० लिटर पाणी वाहून नेणं हेही काम आहे.

दोघीतिघींनी पाळी लावा आणि एकच वही ठेवा. रोज : तापमान, खारटपणा, किती मासे दिसले, खाल्लं का. आठवड्याला : अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, काढलेलं शेवाळ, बदललेलं पाणी. अमोनिया आणि नायट्राइट शून्यच हवेत. नायट्रेट २० च्या खाली आलं आणि तिथे महिनाभर टिकलं, की तीन महिन्यांचं काम पूर्ण झालं असं समजा. त्यानंतर आठवड्याला एक फेरी पुरते आणि गटाला दरमहा ठरलेली मिळकत सुरू होते.

या कामात एक पथ्य कायम पाळा. एका दिवशी एकच बदल करा आणि त्याचा परिणाम बघितल्याशिवाय दुसरा करू नका. दिवा कमी केला त्याच दिवशी खाणं बदललं, पाणी बदललं आणि औषधही घातलं, तर मासा आजारी पडल्यावर कारण कुठलं ते कधीच कळणार नाही.

तुमच्या गावात, तालुक्यात अशी टाकी हिरवी होऊन पडलेली असेल तर आधी तिचं माप घ्या, मासे मोजा, आणि तिला खाऊ कोण घालतं ते विचारा. प्रश्न असतील तर गटाच्या बैठकीत लिहून ठेवा आणि केंद्रावर पाठवा. पुढच्या भागात त्यांची उत्तरं देऊ.